पिल्लाच्या पहिल्या रात्रीसाठी आईच्या वासाचा पंचा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या दोन-तीन रात्री केकाटून सगळ्यांना जागं ठेवतं. आई आणि भावंडांचा वास एकाएकी तुटलेला असतो, बिचारं दुसरं करणार काय! तो वासच बरोबर आणायचा.

१. पिल्लू आणण्याच्या ३-४ दिवस आधी एक जुना सुती पंचा तिकडे देऊन ठेवा आणि आईच्या अंथरुणात टाकायला सांगा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लाची नखं अडकतात.

२. येताना पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणा. कितीही मळका, कुबट वाटला तरी धुवायचा नाही. एकदा साबण लागला की सगळी खटपट फुकट.

३. खोक्यात पंचा अंथरा आणि खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, गॅलरीत नाही. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून एका कडेला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला बाजूला सरकता येतं.

४. रात्री दर २-३ तासांनी शू करायला न्या. तेव्हा मोठा दिवा लावू नका, खेळवू नका.

खोक्याजवळची फरशी मात्र फिनेलने पुसू नका. पिल्लू फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं आणि फिनेल थेट पोटात जातं. साधं पाणी आणि थोडा साबण पुरतो.