जेंटू ईबिल्ड: कोणती तपासणी कोणत्या फेजमध्ये?

जेंटू लिनक्समध्ये पॅकेज कसं बांधायचं आणि बसवायचं ते ईबिल्ड या स्क्रिप्टमध्ये लिहितात; ती फेज म्हणजे ठरावीक टप्प्यांनी चालते. २०११ साली ईएपीआय ४ (ईबिल्ड लिहिण्याच्या नियमांची आवृत्ती) आला आणि ईबिल्डला पीकेजी_प्रिटेंड हे फंक्शन मिळालं. इमर्ज या पॅकेज बसवणाऱ्या कमांडच्या यादीत ऐंशी पॅकेजं असली तरी पहिलं बिल्ड सुरू होण्याआधी सगळ्यांचं प्रिटेंड चालून जातं. रॅम अपुरी आहे, डिस्कवर जागा नाही, कंपायलरमध्ये ओपनएमपी (समांतर कामाची सोय) नाही, असली कारणं तिथेच सांगून थांबावं. ही तपासणी फक्त पीकेजी_सेटअपमध्ये (त्या पॅकेजच्या बिल्डआधीच्या तयारीच्या फेजमध्ये) असेल, तर त्या पॅकेजची पाळी आल्यावरच कळतं आणि रात्री लावलेलं अपडेट सकाळी अर्ध्यावर अडकलेलं सापडतं.

प्रिटेंडच्या वेळी डिपेंडन्सी (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं) बसलेल्या असतीलच असं नाही. त्यामुळे अमुक लायब्ररी इन्स्टॉल आहे का, हे तिथे विचारू नका. ती त्याच यादीत आधी असेल तर वापरणाऱ्याला विनाकारण अडवाल. आवृत्तीची अट डिपेंडन्सीतच लिहायची. प्रिटेंडमध्ये फाइलसिस्टमवर काही लिहायचं नाही, आणि तिथे ठरवलेली व्हेरिएबल पुढच्या फेजपर्यंत पोचत नाहीत.

चेक-रेक्स हा ईक्लास (अनेक ईबिल्डना वापरता येणारा सामाईक कोड) जागा आणि मेमरी प्रिटेंड आणि सेटअप दोन्हीकडे तपासतो, ते योग्यच आहे: मधल्या काळात इतर बिल्ड जागा खातात. पण तुम्ही स्वतःचं पीकेजी_प्रिटेंड लिहिलंत की ईक्लासचं आपोआप चालत नाही. आतून चेक-रेक्स_पीकेजी_प्रिटेंड हाताने बोलवावं लागतं. सेटअपचंही तसंच. युझ फ्लॅगप्रमाणे (पॅकेजमधल्या ऐच्छिक सोयी चालू-बंद करणाऱ्या निवडीप्रमाणे) जागेचा आकडा बदलत असेल तर तो दोन्ही फंक्शनमध्ये ठरवा. (बिल्डची जागा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये असेल तर मोठी पॅकेजं इथे हमखास अडतात. तेवढ्या पॅकेजपुरता पॅकेज.ईएनव्ही या पॅकेजनिहाय सेटिंगमधून बिल्डची जागा ठरवणारा पोर्टेज_टीएमपीडीआयआर खऱ्या डिस्कवर वळवावा.)

सगळ्यात जास्त घोळ मर्ज_टाइप या व्हेरिएबलकडे दुर्लक्ष केल्याने होतो. याची किंमत सोर्स (बांधून बसवणं), बायनरी (तयार पॅकेज बसवणं) किंवा बिल्डओन्ली (फक्त बांधणं) असते. कंपायलर, मेमरी, बिल्डची जागा हे बांधणाऱ्या मशीनचे प्रश्न आहेत, म्हणून मर्ज_टाइप बायनरी नसेल तरच ते तपासा; नाहीतर तयार पॅकेज बसवणाऱ्या छोट्या मशीनलाही दहा जीबी मागत बसाल. कर्नलची सेटिंग्ज हा चालवणाऱ्या मशीनचा प्रश्न, तो बिल्डओन्ली नसेल तेव्हाच तपासायचा. सिस्टम सुरू करणाऱ्या सिस्टमडीचं ईबिल्ड असंच करतं. कर्नलचे पर्याय तपासणाऱ्या कॉन्फिग_चेकमध्ये नावाआधी टिल्ड (~) लावा, म्हणजे बिल्ड न थांबता फक्त इशारा मिळतो. कर्नल नंतरही बदलता येतो, आणि क्रूटमध्ये (वेगळ्या रूट डिरेक्टरीत) बांधताना चालू कर्नल भलत्याच मशीनचा असू शकतो. कर्नलबाहेरचं मॉड्यूल बांधायचं असेल तर मात्र टिल्ड नको; तिथे आवश्यक पर्यायाशिवाय बिल्डच होत नाही.

काही गोष्टी बांधून झाल्यावरच तपासता येतात. जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीचं ईबिल्ड पीकेजी_प्रीइन्स्टमध्ये (फाइली जागेवर बसण्याआधीच्या फेजमध्ये) नवी लायब्ररी वापरून काही साध्या कमांड चालवून पाहतं. त्या चालल्या नाहीत तर जुनी लायब्ररी जागेवर असतानाच काम थांबतं. तिथे चूक झाली तर पूर्ण सिस्टम जाते, म्हणून ही शेवटची चाळणी लावलीच पाहिजे.

ईबिल्ड पुढे पाठवण्याआधी इमर्ज तीनदा चालवा: साधं, मग --बिल्डपीकेजीओन्ली (फक्त बांधणं) लावून आणि शेवटी --यूजपीकेजीओन्ली (फक्त तयार पॅकेज) लावून. प्रत्येक वेळी कोणती तपासणी चालली आणि कोणती गाळली गेली, ते लॉगमध्ये पाहा.