देवाचं नाव तोंडात घेताना: उपासना चालवणाऱ्यांसाठी काही कामाच्या सूचना

'तुझा देव परमेश्वर याचे नाव व्यर्थ घेऊ नको' ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक, निर्गम 20:7 मध्ये आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तिला तिसरी आज्ञा म्हणतात, कॅथलिक दुसरी. सोलापुरात दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात असू शकतात, म्हणून शिकवताना क्रमांकापेक्षा वचनच पाठ करून घ्यावं. ही आज्ञा शिव्या देणाऱ्यांसाठी आहे असा समज पक्का बसलेला आहे. पण देवाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते चर्चमध्ये, आणि ते स्वस्त होतं तेही तिथेच. म्हणून सुरुवात व्यासपीठापासून करू.

सार्वजनिक प्रार्थना नीट ऐका. 'हे प्रभू, आम्ही प्रभू, तुझ्यापुढे प्रभू, येतो प्रभू...' पुढचं वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायला नाव वापरलं जातं. प्रार्थना करणाऱ्याला हे कळतही नाही. एकदा स्वतःची प्रार्थना मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि एका मिनिटात किती वेळा 'प्रभू' आलं ते मोजा. मग शनिवारी रात्री कागदावर चार मुद्दे लिहा: स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती, विनंत्या. आरंभी नावाने हाक, मुद्दा बदलताना एकदा, शेवटी येशूच्या नावात समाप्ती. मध्ये अडलात तर गप्प राहा. दोन-तीन सेकंदांच्या शांततेने कुणाचं बिघडत नाही. तीन-चार मिनिटं पुरे. तुझे शब्द थोडे असावेत, असं उपदेशक 5:2 सांगतं.

दुसरा दोष जास्त वाईट. 'प्रभू, जे उशिरा येतात त्यांना सुबुद्धी दे', किंवा 'प्रभू, तुला ठाऊकच आहे की महिला मंडळाची सभा बुधवारी चार वाजता आहे'. पहिला टोमणा, दुसरी जाहिरात. दोन्ही देवाला उद्देशून आहेत असं दाखवून लोकांना ऐकवलेलं असतं. सूचना असेल तर डोळे उघडे ठेवून, सूचनांच्या वेळी द्यावी. तक्रार असेल तर त्या माणसाच्या घरी जावं.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याने उतारा आदल्या दिवशी तीनदा मोठ्याने वाचावा. नबुखद्नेस्सर किंवा मलकीसदेक अशा नावांपाशी जीभ अडखळणार असेल तर ती घरी अडखळू द्या. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला धरावा. समोर धरला की 'प' आणि 'फ' फुटतात. एप्रिल-मेमध्ये पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि पानं उडतात, तेव्हा पानाच्या वरच्या कोपऱ्याला चिमटा लावून ठेवावा. मोबाईलवरून वाचायचंच असेल तर आधी विमानमोड. 'ऐका, प्रभूचं वचन' म्हणता म्हणता रिचार्जचा मेसेज वाजला तर लोक हसणारच, आणि तो दोष त्यांचा नाही.

पेटी, तबला, झांज यांनी पावित्र्य कमी होतं असं मानायचं कारण नाही. स्तोत्र 150 मध्ये झांजा आहेतच. कमीपणा येतो तो पापकबुली चालू असताना तबल्यावर हातोडी ठोकण्याने. वाद्यं उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी लावून ठेवा. मंडळीत तेलुगू किंवा कन्नड बोलणारी घरं असतील तर एखादं गीत त्या भाषेत घ्या. शब्द न कळता ओठ हलवण्यापेक्षा ते बरं.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीबद्दल, 1 करिंथ 11:27 (ते अयोग्य प्रकारे घेणारा दोषी ठरतो) नेहमी वाचलं जातं आणि जो तो आपल्या मनातली पापं शोधू लागतो. तेही करावंच. पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाची तक्रार काय होती ते 21 आणि 22 व्या वचनांत आहे: काही जण आधीच खाऊन तृप्त होत, गरीब उपाशी राहत आणि त्यांना लाज वाटे. म्हणून उपासनेनंतर प्रीतिभोजन असेल तर कमिटीची पंगत पहिली बसवू नका. म्हाताऱ्या बायका आणि मुलं आधी बसवा, पाळक आणि मंडळीचे वडील (पुढारी) वाढायला घ्या, भाकरी आणि शेंगाचटणी शेवटच्या पंगतीपर्यंत पुरेल इतकी मोजून ठेवा. कुणाशी वाकडं असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. हे काम रविवारी सकाळी दहाला उरकत नाही. शनिवारी संध्याकाळी निघावं लागतं.

मंडळीच्या सभेत सगळ्यात धोक्याचं वाक्य म्हणजे 'देवाने मला सांगितलंय'. ते उच्चारलं की चर्चा संपते, कारण देवाशी वाद कोण घालणार? छपराचा पत्रा बदलायचा की रंग द्यायचा, यावर असं बोलणं म्हणजे आपल्या मताला देवाची सही लावणं. तिथे 'मला असं वाटतं' म्हणावं, आणि कारण द्यावं. अध्यक्षांनीही न चिडता विचारावं, 'ठीक, पण खर्च किती?'

'हा मेसेज दहा जणांना पाठवा, देव आज चमत्कार करील' असे फॉरवर्ड याच जातीचे. पुढे पाठवू नका. ज्येष्ठांनी पाठवला असेल तर ग्रुपवर शहाणपणा न दाखवता फोन करून सांगावं.

उरली शपथ. 'देवाशपथ, याहून कमी परवडत नाही' हे दुकानात रोज चालतं. मत्तय 5:37 इथे सरळ आहे: होय तर होय, नाही तर नाही. भाव एकदाच सांगा. न्यायालयात साक्ष द्यायची वेळ आली आणि शपथेला मन घेत नसेल, तर 1969 च्या शपथ कायद्यानुसार शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं, म्हणजे देवाचं नाव न घेता खरं सांगण्याचं वचन देता येतं. कठड्यात उभं राहण्याआधीच तसं वकिलांना सांगून ठेवावं. बऱ्याच मंडळ्या न्यायालयातली शपथ चालते असं मानतात, तेव्हा दुसऱ्याने घेतली म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. घरात मूल 'देवाशपथ मी नाही फोडला' म्हणालं तर रागावू नका. 'शपथ नको, फोडलास की नाही तेवढं सांग' एवढंच विचारा, आणि खरं सांगितलं तर त्यावर मार देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी शपथ आणखी मोठी येईल.