वेबपानाचा संपूर्ण स्क्रीनशॉट ब्राउझरमधूनच कसा घ्यावा

ऑनलाइन अर्ज सादर झाला की जे पान उघडते त्याच्या वरच्या टोकाला बहुधा अर्ज क्रमांक असतो आणि तळाशी शुल्क भरल्याचा तपशील. मधला मजकूर इतका लांब असतो की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पडद्यावर दिसत नाहीत. मग बहुतेक जण प्रिंट स्क्रीनचे बटण दाबतात किंवा विंडोजचे स्निपिंग टूल उघडतात, पान थोडे थोडे खाली सरकवत चार-पाच चित्रे काढतात आणि ती व्हॉट्सॅपवर एकापाठोपाठ एक पाठवून देतात. ज्याला ती मिळतात त्याला कोणते चित्र आधीचे, कोणते नंतरचे आणि मधली एखादी ओळ सुटली तर नाही ना, हे ताडून पाहावे लागते.

ही खटपट टाळता येते, कारण संपूर्ण पानाचे एकसंध चित्र काढण्याची सोय आज बहुतेक प्रमुख ब्राउझरांमध्ये मुळातच दिलेली आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या साधनाला पडद्यावर उमटलेले तेवढेच दिसते. ब्राउझरने मात्र ते पान वरपासून खालपर्यंत स्वतः मांडलेले असते, त्यामुळे न दिसणारा भागही त्याला चित्रात घेता येतो. ही सोय ठाऊक नसल्याने अनेक जण त्यासाठी एखादे एक्स्टेन्शन बसवतात. अशी बरीच एक्स्टेन्शने ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ एवढी मोठी परवानगी मागतात. ज्या ब्राउझरमध्ये आपण बँकेचे खाते उघडतो, त्यात केवळ एका चित्रासाठी अनोळखी व्यक्तीने तयार केलेल्या प्रोग्रॅमला अशी मुभा देणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

आधीची तयारी

चित्र काढण्यापूर्वी पान एकदा हळूहळू अगदी तळापर्यंत सरकवून पुन्हा वर आणावे. अनेक संकेतस्थळे खालची छायाचित्रे आणि तक्ते वाचक तिथे पोहोचेपर्यंत उतरवूनच घेत नाहीत, त्यामुळे ही पायरी गाळली तर चित्रात त्या जागी राखाडी चौकोन येतात. कुकींची सूचना, जाहिरातीची पट्टी किंवा कोपऱ्यातील मदतीची चौकट पानावर तरंगत असेल तर ती बंद करावी. अक्षरे फार मोठी किंवा फार बारीक दिसत असतील तर कंट्रोल दाबून शून्य दाबावे, म्हणजे पान मूळ आकारात येते.

फायरफॉक्स

माझ्या मते सर्वांत सरळ सोय फायरफॉक्सची आहे. ती २०१७ पासून या ब्राउझरमध्ये आहे. सुरुवातीला काढलेली चित्रे मोझिलाच्या सर्व्हरवर चढवण्याचाही पर्याय तिच्यात होता; तो २०१९ मध्ये बंद झाला आणि आता चित्र आपल्याच संगणकावर राहते.

पानाच्या मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबावे आणि ‘टेक स्क्रीनशॉट’ निवडावे, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे एकत्र दाबावीत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड येते. पान किंचित काळवंडते आणि वरच्या बाजूला दोन पर्याय दिसतात: एक संपूर्ण पानासाठी आणि दुसरा समोर दिसणाऱ्या भागापुरता. संपूर्ण पानाचा पर्याय निवडला की चित्राची झलक उघडते, आणि तिथून ते डाउनलोड करता येते किंवा कॉपी करून थेट ईमेलमध्ये चिकटवता येते.

याच अवस्थेत माउस पानावरून नुसता फिरवून पाहावा. परिच्छेद, तक्ता, छायाचित्र असा जो भाग त्याच्याखाली येतो, त्याभोवती आपोआप चौकट उमटते आणि क्लिक केले की नेमका तेवढाच भाग निवडला जातो. अर्जाच्या पानावरील फक्त शुल्काचा तक्ता हवा असेल, तर हाताने कडा जुळवण्याची गरज राहत नाही. हवी तशी चौकट ओढूनही निवड करता येते, आणि बेत बदलला तर एस्केप दाबून बाहेर पडता येते. जतन झालेल्या फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि पानाचे शीर्षक आपोआप येते, याचा उपयोग पुढे महिन्यांनी तीच फाइल शोधताना होतो.

ज्यांना हे काम वारंवार पडते त्यांनी वरच्या साधनपट्टीवर उजवे बटण दाबून ती सजवण्याचा पर्याय उघडावा आणि स्क्रीनशॉटचे चिन्ह ओढून पट्टीवर आणून ठेवावे.

एज, ऑपेरा आणि विवाल्डी

मायक्रोसॉफ्टच्या एजमध्येही कंट्रोल, शिफ्ट आणि एस हीच बटणे चालतात. निवडक भाग घ्यायचा की संपूर्ण पान, एवढे ठरवले की काम झाले. चित्रावर पेनाने खुणा करण्याचीही तिथे व्यवस्था आहे. पूर्वी या सोयीचे नाव ‘वेब कॅप्चर’ होते, त्यामुळे जुन्या आवृत्तीत मेनूमध्ये ते नाव शोधावे. ऑपेरामध्ये ‘स्नॅपशॉट’ कंट्रोल, शिफ्ट आणि पाच यांनी उघडतो, तर विवाल्डीमध्ये खालच्या पट्टीवर कॅमेऱ्याचे चिन्ह असते.

क्रोम

क्रोमच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक लोक हाच ब्राउझर वापरतात आणि संगणकावरील आवृत्तीत ही सोय विकसकांसाठी असलेल्या साधनांमध्ये ठेवलेली आहे. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेला माणूस तिथे पाऊल टाकायला कचरतो. ही आज्ञा मुख्य मेनूत, छपाईच्या पर्यायाशेजारी असायला हवी असे मला मनापासून वाटते. तरीही कचरण्याचे कारण नाही, कारण पुढील पायऱ्यांनी पानात किंवा संगणकात काहीही बिघडत नाही.

पान उघडे असताना कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबावे. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय. बाजूला किंवा खाली कोडने भरलेला एक भाग उघडेल, तो वाचण्याची आवश्यकता नाही. त्या भागात एकदा क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबावे, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पी. शोधाची एक चौकट येते. तिच्यात इंग्रजी लिपीत ‘स्क्रीनशॉट’ टाइप करायला सुरुवात करताच चार आज्ञा दिसतात. ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ संपूर्ण पान घेते, ‘कॅप्चर एरिया स्क्रीनशॉट’ने चौकट ओढून भाग निवडता येतो, ‘कॅप्चर स्क्रीनशॉट’ समोर दिसणारा भाग घेते आणि ‘कॅप्चर नोड स्क्रीनशॉट’ कोडमध्ये निवडलेल्या एखाद्या घटकाचे चित्र काढते. ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ ही आज्ञा निवडून एंटर दाबले की पीएनजी फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते.

इथे एक अडचण हमखास येते. विकसकांचा भाग उजव्या बाजूला उघडलेला असेल तर मूळ पानाची रुंदी कमी होते, संकेतस्थळ मोबाइलसारखी मांडणी करते आणि चित्रही तसेच अरुंद निघते. त्यासाठी त्या भागाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर क्लिक करून तो स्वतंत्र खिडकीत काढावा. पान पुन्हा पूर्ण रुंद झाले की मग आज्ञा द्यावी.

पान सरकते, पण चित्रात येत नाही

काही संकेतस्थळांवर पान स्वतः सरकत नाही, त्याच्या आतली एक चौकट सरकते. चॅटच्या खिडक्या, निकालांचे लांबलचक तक्ते आणि डॅशबोर्ड अशाच पद्धतीचे असतात. अशा ठिकाणी संपूर्ण पानाचा पर्याय दिला तरी चित्रात चौकटीचा दिसणारा भागच येतो आणि वापरणाऱ्याला साधन बिघडले असे वाटते. वास्तविक ब्राउझरच्या हिशेबाने ते पान तेवढेच असते.

मजकूर थोडाच जास्त असेल तर कंट्रोल आणि वजाचे चिन्ह दाबून पान लहान करावे, म्हणजे चौकटीत अधिक ओळी मावतात. मजकूर पुष्कळ असेल तर क्रोममध्ये विकसकांची साधने उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबावे. पानाच्या वर रुंदी आणि उंचीचे आकडे दिसतील. तिथे ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा पर्याय निवडून रुंदी १२०० आणि उंची ४००० अशी भरावी. ब्राउझरला पडदाच तेवढा उंच आहे असे वाटते, आतली चौकट ताणली जाते आणि त्यानंतर काढलेल्या चित्रात सर्व ओळी येतात. शेकडो प्रतिक्रिया असलेले पान मात्र कोणत्याही पद्धतीने फारच लांब होते आणि चित्र मध्येच तुटू शकते, म्हणून फाइल उघडून तळापर्यंत पाहिल्याशिवाय मूळ पान बंद करू नये.

मोबाइल आणि सफारी

आयफोनवर सफारीमध्ये नेहमीप्रमाणे स्क्रीनशॉट घ्यावा, कोपऱ्यात आलेल्या लहान चित्राला स्पर्श करावा आणि वर ‘फुल पेज’ निवडावे. २०१९ च्या आयओएस १३ पासून संपूर्ण पान असे पीडीएफ म्हणून जतन करता येते. मॅकवरील सफारीच्या फाइल मेनूतही पीडीएफ म्हणून निर्यात करण्याचा पर्याय आहे. अँड्रॉइडमध्ये ही सोय ब्राउझरपेक्षा फोनकडे अधिक असते. अँड्रॉइड १२ पासून, स्क्रीनशॉट घेतल्यावर खाली ‘कॅप्चर मोअर’ दिसल्यास त्याने चित्र खालपर्यंत वाढवता येते.

पाठवण्यापूर्वी

संपूर्ण पानाच्या चित्रात आपल्याला नको असलेल्या गोष्टीही येतात: कोपऱ्यातील नाव, मोबाइल क्रमांक, आधारचे आकडे. त्या झाकताना अर्धपारदर्शक हायलायटर किंवा धूसर करण्याची सोय वापरू नये, कारण चित्राचा उजेड वाढवून किंवा अन्य प्रक्रिया करून त्याखालचे आकडे कित्येकदा वाचता येतात. पूर्ण भरीव काळा चौकोनच ठेवावा. कातरलेल्या चित्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मार्च २०२३ मध्ये असे उघडकीस आले की गूगल पिक्सेल फोनमधील मार्कअप हे चित्र संपादनाचे साधन आणि विंडोज ११ चे स्निपिंग टूल यांनी कातरून त्याच फाइलवर जतन केलेल्या चित्रात कापलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेवटी शिल्लक राहत होती आणि ती काही अंशी परत मिळवता येत होती. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली, पण त्याआधी पाठवलेली चित्रे तशीच राहिली. ज्यात खासगी माहिती नाही असा भागच सुरुवातीपासून निवडून घेणे सर्वांत सुरक्षित ठरते.

पुढे मजकूर शोधायचा किंवा कॉपी करायचा असेल तर चित्रापेक्षा कंट्रोल आणि पी दाबून पीडीएफ जतन करणे चांगले. मात्र छपाईची मांडणी पडद्यासारखीच येईल याची हमी नसते.

तक्रारीसाठी किंवा पुराव्यासाठी

ब्राउझरच्या या साधनांनी काढलेल्या चित्रात फक्त पान येते. वरचा पत्ता आणि घड्याळातील वेळ येत नाही. बनावट संकेतस्थळाने फसवल्याची तक्रार १९३० या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करायची असेल तर नेमका तो पत्ताच महत्त्वाचा असतो. म्हणून संपूर्ण पानाचे चित्र घेतल्यावर विंडोजवर प्रिंट स्क्रीनने अख्ख्या पडद्याचे आणखी एक चित्र घ्यावे आणि पत्ता कॉपी करून वेगळा लिहून ठेवावा. सातबाऱ्यासारख्या कागदाच्या बाबतीत स्क्रीनशॉट केवळ माहितीपुरता असतो. कार्यालयीन कामासाठी शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उताराच घ्यावा.

प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली तिची सांकेतिक ओळख, नोंदवायचे असते. चित्रात एक रेघ ओढली तरी हे मूल्य बदलते आणि व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवले तर चित्र आकसून त्याची फाइलच बदलते. त्यामुळे मूळ फाइल न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, खुणा तिच्या प्रतीवर कराव्यात, आणि व्हॉट्सॅपवरून पाठवायचीच झाली तर ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून पाठवावी.