जुना कार रेडिओ उघडताय? आधी अर्थ (अर्थिंग) बघा

सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, उजेड, हे असणारच, पुढे जाऊ. रेडिओला बॅटरी लावायच्या आधी एकच बघायचं, सेट प्लस अर्थचा आहे का मायनस अर्थचा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या पत्र्याला जातं. पन्नाशीतल्या मॉरिस-ऑस्टिन गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा, फियाट ११०० मध्ये मायनस, आणि रेडिओचा पत्र्याचा डबा हाच बहुतेक वेळा अर्थ असतो, म्हणजे डॅशबोर्डला टेकला की कनेक्शन झालंच. उलटं पडलं की जर्मेनियम ट्रान्झिस्टर बघता बघता जातात. मागच्या वेळी माझं एवढंच बघायचं राहिलं आणि आउटपुटचा एडी१४९ ट्रान्झिस्टर गेला, तो आता सहज मिळत नाही हो. काही सेटना पोलॅरिटी फिरवायचा प्लग असतो, तो कुठल्या बाजूला आहे ते स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गाडीसुद्धा मीटर लावून तपासा, कारण डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकताना अनेकांनी अर्थ फिरवून घेतलेला असतो, मॅन्युअलमध्ये एक आणि गाडीत भलतंच.

व्होल्टेज पण बघा, १९५५ पर्यंतच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या.

आता पार्ट. सेट खोलायच्या आधी गोळा करा, अर्धवट खोललेला सेट महिनोन् महिने पडून राहतो आणि स्क्रू हरवतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे नवे घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. बसवताना परत तेच, प्लस अर्थच्या सेटमध्ये कपॅसिटरचा प्लस पाय बॉडीकडे जातो, हात सवयीने मायनस तिकडे लावतो, म्हणून जुना काढायच्या आधी फोटो काढा. एएफ११७ ट्रान्झिस्टर असेल तर फेकू नका, त्याच्या डब्यात आतून कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पायांना शॉर्ट करतात, चौथा म्हणजे डब्याचा पाय कापला की बऱ्याचदा सेट बोलायला लागतो. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन तसाच ठोकू नका, बायस (ट्रान्झिस्टरला आधीच दिलेला थोडा करंट) बदलावा लागतो. नॉब, डायलची काच, ट्यूनिंगचे स्लग (कॉइलमध्ये आत-बाहेर सरकणारे गाभे) नवे कुठून मिळणार? त्यासाठी त्याच मॉडेलचा मेलेला सेट शोधा, चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार, बंद असला तरी घ्या. व्हॉल्व्हचा सेट असेल तर व्हायब्रेटरबरोबर (बॅटरीचा करंट चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला देतो तो) बफर कपॅसिटर बदलायचाच, १६०० व्होल्टवाला, नाहीतर नवा व्हायब्रेटर पण जळेल.

ट्रान्झिस्टरचा सेट पहिल्यांदा चालू करताना सप्लायच्या वायरमध्ये २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब सिरीजला ठेवा, भक्क पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, ओहम जुळलेले हवेत. आणि वायर लावायच्या आधी, हो, अर्थ. टेबलावर सप्लाय लावतानाही डब्याला कोणती वायर जातेय ते बघा.

बसवताना फ्यूज टाका. एरियलला टीव्हीची केबल वापरू नका, तिची कपॅसिटन्स जास्त असते आणि मग ट्रिमर (एरियल जुळवायचा छोटा स्क्रू) जुळतच नाही. एरियल पूर्ण ओढून, डायलच्या वरच्या टोकाला एखादं बारीक स्टेशन लावून ट्रिमर फिरवा, आवाज सगळ्यात मोठा येईल तिथे सोडा. खरखर इंजिन चालू केल्यावरच येत असेल तर रेडिओ परत खोलू नका, आधी इग्निशन कॉइल आणि डायनॅमोचे सप्रेसर (खरखर दाबणारे पार्ट) बघा.