जुन्या अमेरिकन गाडीचे क्रोम कसे जपावे

१९५८ च्या ब्यूकची ग्रिल, म्हणजे समोरची जाळी, १६० चकचकीत चौकोनांनी भरलेली होती. क्रोमची एवढी हौस मोटारींच्या जगात पुन्हा क्वचितच कुणी केली असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या डॉज किंवा प्लिमथवर दागिने तुलनेने कमी असले, तरी काळजी तीच घ्यावी लागते.

हात लावण्याआधी कोणता भाग कशाचा आहे, हे ओळखावे. बंपर पोलादाचा असतो, त्याला लोहचुंबक चिकटते. नावाची अक्षरे आणि दारांच्या मुठी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, त्यांना ते चिकटत नाही. कडेच्या पट्ट्या बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांच्यावर मुलामाच नसल्याने त्या बफिंगने, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून, पुन्हा उजळतात. क्रोमचे तसे नाही. त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो आणि डोळ्यांत भरणारी खोल चमक मुख्यतः त्याखालच्या निकेलची असते. म्हणूनच भांडी बाजारातून आणलेली तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच किंवा काथ्या बंपरला कधीही लावू नये.

गंजाचे बारीक ठिपके दिसल्यास गाडी आधी साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावी, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडण्याची भीती कमी राहते आणि गंज तपकिरी लगद्यासारखा सुटून येतो. तो लगेच पुसून, भाग पूर्ण कोरडा करून वॅक्स लावावे. नाशिकच्या पावसाळ्यात बंपरची मागची बाजू विसरू नये, कारण तिथे चिखल साचतो आणि गंज आतून पोखरत येतो. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली दमटपणा कोंडतो, त्यामुळे हवा खेळणारे कापडी आच्छादनच वापरावे.

पोलाद उघडे पडले असेल, तरच नव्या मुलाम्याचा विचार करावा. नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक भागात काम देताना तांबे, निकेल आणि मग क्रोम असे तिन्ही थर देणार का, हे स्पष्ट विचारावे. जस्ताच्या तुकड्यांवर पुटकुळ्या आल्या असतील, तर तसे काम आधी केलेल्या कारागिराकडेच ते द्यावेत. जास्त बफिंगने अक्षरांच्या धारा बोथट होतात. माझ्या मते त्यापेक्षा चार ठिपके असलेले मूळ क्रोम कितीतरी देखणे दिसते. तुकडे सोपवण्यापूर्वी प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून यादीवर कारागिराची सही घ्यावी, कारण हरवलेले एक अक्षर मिळवायला वर्षही लागू शकते.