सत्तरीनंतरही जमिनीवरून आपलं आपण उठता यायला हवं, त्यासाठी काय करायचं

आमच्या गुहागरच्या घरी आता सगळी सोय आहे, विहिरीवर पंप, जेवायला टेबल, वेस्टर्न कमोड, विळी कधीच माळ्यावर गेली. हे सगळं आम्हीच मुंबईहून येऊन येऊन केलं, आईला त्रास नको म्हणून. आणि गेल्या गणपतीत आरती झाल्यावर आई सतरंजीवर बसली ती उठेचना, दोघांनी काखेत धरून उठवली. वय ७१, मोठा आजार काही नाही, नुसता मांड्यांत जोर उरला नव्हता. तीन वर्षांत ती जमिनीवर बसलीच नव्हती ना.

सगळे म्हणतात, अहो त्या रोज चालतात की. चालणं चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्याने खालून उठायची ताकद येत नाही, ती वेगळी कमवावी लागते आणि सत्तरीतही कमावता येते.

आधी मोजून बघा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, दोन्ही हात छातीवर दुमडा, ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात बायकांचे १० पेक्षा कमी आणि पुरुषांचे १२ पेक्षा कमी भरले तर पडायचा धोका जास्त धरतात. आईचे ६ भरले.

मग हाच व्यायाम करायचा, दिवसाआड. खुर्चीवर दोन उशा टाकून बसा म्हणजे उठायला सोपं जातं, पावलं थोडी मागे घ्या, पुढे वाका आणि उठा. बसतानाही मांड्यांना काम होतं, म्हणून मनात तीन अंक मोजत सावकाश बसा, धपकन नाही. ८-१० वेळा, मग दम घेऊन परत तेवढंच. सहज जमायला लागलं की एक उशी काढा, मग दुसरी. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं, आणि हार्टचा त्रास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

जमिनीवरून उठायची पण एक रीत आहे. एकदम सरळ उठायला जाऊ नका. आधी कुशीवर वळा, हातावर जोर देऊन गुडघ्यांवर या, रांगत खाटेपर्यंत जा, खाटेवर दोन्ही हात टेका, जो पाय जास्त बळकट आहे तो पुढे टाका आणि उठा. पहिले काही दिवस कोणीतरी जवळ हवंच. चुकून पडलं आणि घरात कोणी नसलं तर हीच रीत कामाला येते, म्हणून आधीच अंगवळणी पडलेली बरी.

तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून तीन दिवस, ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. भाजी शिजेपर्यंत होऊन जातं.

चालणं सोडायचं नाहीच, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. समुद्रावर जात असाल तर ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर चाला, कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय मुरगळतो, आणि जिथे उतार जास्त तिथे एकच बाजू धरून लांब जाऊ नका, कंबर धरते. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ चढलं की हट्ट नको, पडवीतल्या पडवीत फेऱ्या मारा. पायऱ्या आधीच खरवडून घ्या आणि घसरणाऱ्या जुन्या स्लीपर टाकून द्या.

आणि नुसत्या पेजेवर, चहा-बटरवर राहून मांड्या भरत नाहीत, कुळथाची पिठी, बांगडा, अंडं, यातलं काहीतरी रोज दोन्ही वेळच्या जेवणात पाहिजे.

आम्ही विळी माळ्यावरून खाली काढली. आई आता नारळ खाली बसूनच खवते, उठताना एक हात खांबाला लागतो अजून. परवा मोजले तर ९ भरले.