घरच्या टाकीत किलीफिशची पैदास

किलीफिश या लहान, रंगीत गोड्या पाण्यातील माशांची पैदास करण्याचे ठरवल्यावर आपल्याकडील जात बारमाही पाण्यातली आहे की हंगामी डबक्यातली, हे आधी पक्के करावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच ठरते. पश्चिम आफ्रिकेतील फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियस गटातील मासे मात्र पावसाने भरणाऱ्या डबक्यांत जगतात. डबके आटले की मासे मरतात आणि चिखलातील अंडी पुढच्या पावसापर्यंत तग धरून राहतात. नवशिक्याने गार्डनेरीपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

गार्डनेरीचा एक नर आणि दोन माद्या यांना १५ ते २० लिटरची टाकी पुरते. पाण्याचे तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस असावे आणि स्पंज फिल्टर मंद चालवावा. नर माद्यांचा सतत पाठलाग करतो, म्हणून त्यांना लपायला जावा मॉस या पाणशेवाळाची दाट गादी द्यावी. टाकीचे झाकण घट्ट बसलेले असावे; हे मासे अगदी लहान फटीतूनही उडी मारून बाहेर पडतात. दोन जवळच्या जाती एका टाकीत कधीही ठेवू नयेत, कारण त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात आणि एकदा संकर झाला की शुद्ध वाण हातचे जाते. जोडी लावण्यापूर्वी आठवडाभर नर आणि माद्या वेगळे ठेवून त्यांना डॅफ्निया (पाणपिसू), ब्लडवर्म (लाल अळ्या) असे सकस खाद्य द्यावे.

अंडी घालण्यासाठी अॅक्रिलिक लोकरीचा झुपका करावा. गडद हिरव्या लोकरीचे वीतभर लांबीचे धागे एका टोकाला बांधावेत, रंग उतरू नये म्हणून ते आधी उकळून घ्यावेत आणि बुचाला बांधून पाण्यात तरंगत ठेवावेत. दर दोन-तीन दिवसांनी झुपका बाहेर काढून हलकेच पिळावा आणि धागे एकेक करून उजेडात पाहावेत. दीड मिलिमीटरच्या आतबाहेरचा, काचेच्या मण्यासारखा पारदर्शक दाणा दिसला, तर ते अंडे होय. त्याचे कवच चांगलेच टणक असते, त्यामुळे ते दोन बोटांच्या चिमटीत धरून काढले तरी फुटत नाही; दाबताच फुटणारे अंडे मुळातच निकामी असते. गोळा केलेली अंडी उथळ डब्यात, टाकीच्याच पाण्यात ठेवावीत आणि पाण्याला फिकट निळी छटा येईल एवढेच मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारे निळे औषध) त्यात घालावे. पांढरे पडलेले अंडे दिसताच काढून टाकावे, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवरही पसरते. साधारण दोन ते तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

नोथोब्रँकियससाठी टाकीत उकळून गार केलेल्या पीटचा (कुजलेल्या शेवाळापासून बनलेल्या मातीसारख्या पदार्थाचा) डबा ठेवावा. जोडी त्यात शिरून अंडी पुरते. ते पीट जाळीत गाळून, पिळून, तंबाखूइतके ओलसर राहील असे वर्तमानपत्रावर सुकवावे आणि पिशवीत बंद करून त्यावर जातीचे नाव व तारीख लिहावी. नोथोब्रँकियस गुंथेरीसारख्या जातीची अंडी उबायला साधारण तीन महिने लागतात, पण अंड्यांतील वाढ मध्येच थांबत असल्यामुळे केवळ तारखेवर भिस्त ठेवू नये. अंड्यात सोनेरी कडा असलेले डोळे स्पष्ट दिसू लागले, की पीटवर १८ अंशांच्या आसपासचे गार पाणी ओतावे. पाण्याची खोली चार-पाच सेंटिमीटरच ठेवावी. घाई केल्यास बरीच पिल्ले वाताशयात (तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीत) हवा न भरता तळाशी घसरत राहतात, आणि अशी पिल्ले सहसा सुधारत नाहीत.

गार्डनेरी आणि बहुतेक नोथोब्रँकियस यांची पिल्ले पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसारख्या जिवाची नुकतीच उबवलेली पिल्ले खातात. अगदी बारीक पिल्लांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातील सूक्ष्म जीव) द्यावा. थोडे-थोडे खाद्य दिवसातून दोनदा द्यावे, उरलेले नळीने ओढून घ्यावे आणि रोज थोडे पाणी बदलावे. पिल्लांच्या अंगावर सोनेरी भुकटीसारखा थर दिसल्यास तो व्हेल्व्हेट रोग असतो. नोथोब्रँकियसला तो लवकर जडतो, म्हणून त्यांच्या पाण्यात दहा लिटरला एक चमचा साधे मीठ आधीपासूनच घालून ठेवणे हिताचे ठरते. पिल्लांमध्ये आकाराची तफावत दिसू लागताच मोठी पिल्ले वेगळ्या टाकीत हलवावीत, कारण ती लहान भावंडांना खातात.